पेगाहची बरणी

नवं वर्ष जवळ आलं की आमच्या इराणातल्या लंगरूदमधल्या बायकांच्या अंगात येतं. मी माझ्याच गावाला नावं ठेवतेय, पण जन्म इथे काढलाय, तेवढा हक्क आहे मला. वर्षाचा शेवटचा अस्फंद महिना लागला रे लागला की गालिचे कठड्यावर, पडदे टबात, गाद्या उन्हात. ऊन असलं तर, म्हणा. आमच्या किनाऱ्यावरचं ऊन म्हणजे मोठा साहेब, कधी येईल आणि किती वेळ बसेल ह्याचा नेम नाही. ह्या सगळ्या धुमाकुळाला आम्ही घर झटकणं म्हणतो. बायका त्यापायी महिनाभर नवऱ्यावर डाफरतात, कंबरेला शाल आवळून शिडीवर चढतात, आणि सणाला पाहुण्यांपुढे बसतात तेव्हा त्यांच्यात हसायचंही त्राण उरलेलं नसतं.

आमच्या घरात मात्र कैक वर्षं हे काही झालं नव्हतं. घरात आम्ही दोघीच. मी तूरान आणि माझी भावजय फरंगीस. माझा भाऊ गेला, मग फरंगीसची मुलगी पेगाह गेली, आणि तिचा धाकटा कामयार नोकरीसाठी तेहरानला जाऊन राहिला. पेगाह गेल्यापासून फरंगीसने अंगावरचं काळं उतरवलं नाही आणि सणाच्या पंगतीचं दस्तरखान अंथरलं नाही. ईदचे, म्हणजे आमच्या नव्या वर्षाचे, तेरा दिवस आम्ही फाटकाला आतून कडी लावून बसायचो. कुणी वाजवलं तर मी ओरडायचे, "घरात कुणी नाही." लोक ऐकून परत जायचे.

ह्या वर्षी कडी लावता येणार नव्हती. कामयारचं गेल्या पानगळीत लग्न झालं होतं. जोडप्याची पहिली ईद, सुनेचे आईवडील दुसऱ्या दिवशी जेवायला येणार. फरंगीसने फोन ठेवला.

"झेपेल का गं?" मी विचारलं.

"न झेपून सांगू कुणाला, तूरान खानम," ती म्हणाली.

सून आधीच येऊन दाखल झाली. मर्जान तिचं नाव. तेहरानची, काटकुळी, बोलायला लागली की थांबत नाही. येताना रबरी हातमोजे, ब्लीचच्या बाटल्या आणि झाकणांचे डबे घेऊन आली. नवऱ्याचं ऐकून तीही मला अम्मे, म्हणजे आत्या, आणि फरंगीसला मामान, म्हणजे आई, म्हणते. मला म्हणाली, "अम्मे जान, टेन्शन घ्यायचंच नाही. रोज एकच खोली. तीन ढीग करायचे. ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. सण येईपर्यंत मामानच्या डोक्याला काही ताप राहणार नाही."

"आणि मला कुठल्या ढिगात टाकणार?" मी म्हटलं.

"तुम्हाला ठेवायच्या ढिगात, पण पुसून," ती म्हणाली. पोरगी मला आवडली. हे मी तिला अर्थातच सांगितलं नाही.

ती राबली मात्र खरी. माळ्यावरची अडगळ काढली, जळमटं काढली, माझ्या भावाचे जुने बूट कुणाला तरी देऊन टाकले. फरंगीस तिच्या मागे मागे फिरायची, हो म्हणायची. पेगाहची खोलीसुद्धा उघडून दिली तिने. फरंगीस म्हणाली, "कपडे देऊन टाक, पोरी. कुणाच्या अंगाला लागतील." एका जागी मात्र ती अडली. स्वयंपाकघरामागे आमची कोठीची खोली आहे, तिची किल्ली फरंगीसच्या अ‍ॅप्रनच्या खिशात असते. मर्जान म्हणाली, "मामान जान, आता कोठी राहिली." फरंगीस म्हणाली, "कोठीचं मी बघीन." मर्जानला वाटलं, सासू संकोचतेय. गुडघे दुखतात तरी सुनेवर सगळं टाकायला लाजतेय. मला ठाऊक होतं खरं कारण काय ते.

आमच्याकडे लसूण शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, घालतात आणि सात वर्षं तिला हात लावत नाहीत. सातव्या वर्षी ती काळी कुळकुळीत होते, जिभेवर ठेवली की विरघळते. ईदला हिरवा भात आणि मासा केला आणि शेजारी ही लसूण नसली तर माणसं तुमच्या घराबद्दल काय बोलतील ते विचारू नका. फरंगीसच्या लसणीला तर अख्ख्या गल्लीत नाव होतं. बरणीवर वर्ष लिहिणं तिला माहीत नाही. त्या ईदला घरात जे नवं शिवलं असेल त्याच्या उरलेल्या तुकड्याचा ती बरणीच्या तोंडाला दादरा बांधायची. निळ्या पट्ट्यांचा म्हणजे माझ्या भावाच्या सदऱ्याचं वर्ष. जांभळा म्हणजे माझ्या झग्याचं वर्ष, ज्यात मी वांग्यासारखी दिसायचे.

पेगाहची बरणी पिवळ्या दादऱ्याची. तिच्या स्कर्टचं कापड.

त्या वर्षी वसंत सरताना नवी लसूण बाजारात आली होती. पेगाह तेव्हा रश्तच्या कॉलेजात जायची. त्या दिवशी म्हणाली, ह्या वेळी एक बरणी मी एकटी घालणार, मध्ये कुणी लुडबुडायचं नाही. व्हरांड्यात बसून तिने गाणी म्हणत लसूण सोलली, बरणी भरली, शिरका ओतला, झाकण लावून वर दादरा करकचून बांधला. फरंगीस बाहेर आली आणि तिने पायरीवरची मिठाची वाटी बघितली. शिगोशीग भरलेली.

"अगं, मीठ?"

"राहिलं वाटतं," पेगाह म्हणाली.

"सोड तो दादरा, घाल आधी."

"नाही सोडणार. एकदा बांधला की सात वर्षं सोडायचा नाही, तूच म्हणतेस."

"मिठाशिवाय खराब होईल ती."

"नाही होणार. लाव पैज. सात वर्षांनी उघडू. चांगली निघाली तर भर पंक्तीत पाहुण्यांसमोर म्हणायचं, माझ्यापेक्षा माझ्या पेगाहच्या हाताला चव आहे."

"आणि खराब निघाली तर?"

"तर जन्मभर तुझी लसूण मी सोलीन."

मी म्हटलं, "लग्न करून जाशील तेव्हा रोज माहेरी येणार वाटतं लसूण सोलायला." ती म्हणाली, "अम्मे, तुम्ही साक्षीदार. मध्ये बोलू नका." मायलेकींनी हातावर हात मारला. दोघींच्या हातांना लसणीचा घमघमाट.

त्याच पानगळीत रश्तहून येताना तिची गाडी ट्रकवर आदळली. ते मी सांगत नाही. कुणाला सांगवत नाही.

पुढे फरंगीसने लसूण घातली नाही. लसणीच्या हंगामात ती बाजाराला जायची ती डोक्यावरची चादर नाकाला लावून. जुन्या बरण्या एकेक संपल्या, चार उरल्या. तीन तिच्या, एक पेगाहची. चारही काचेच्या, एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. दर अस्फंदला ती कोठीत एकटी जायची, दार लावून घ्यायची, आणि त्या चार बरण्या पुसून परत होत्या तिथे ठेवायची. मी एकदा विचारलं होतं, एवढं काय करतेस आत? तर म्हणाली, "तूरान खानम, तिचं सगळं संपलं. अभ्यास संपला, लग्न व्हायचं होतं ते राहिलं. ही एक लसूण तेवढी अजून आत मुरतेय. पोरीचं एक काम अजून चालू आहे." त्या लसणीचं सातवं वर्ष ह्याच ईदला भरत होतं, आणि फरंगीस त्याचं नावही काढत नव्हती.

वर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सगळं गाव कबरींवर जातं. आम्ही दोघीही गेलो. फरंगीसने बाहेरचा कोट चढवला, अ‍ॅप्रन स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवला. कबरस्तानात ही गर्दी. आम्ही पेगाहचा दगड गुलाबपाण्याने धुतला, हलवा आणि खजूर वाटले. फरंगीस दगडावर बोट टेकवून पुटपुटत होती. येताना रस्त्यात म्हणाली, "उद्या कोठी आवरते. मग झालंच सगळं." आवाज बरा होता तिचा. मला बरं वाटलं.

फाटकातून आत आलो तर अंगणात, नारिंगाच्या झाडापासून व्हरांड्याच्या खांबापर्यंत दोरी बांधलेली. दोरीवर कापडाचे चार चौकोनी तुकडे ओळीने वाळत घातलेले. चारही पांढरेशुभ्र.

मर्जान धावत आली, हात कोपरापर्यंत लाल झालेले. "मामान जान, तुम्ही उद्या काही करायचं नाही. कोठी झाली माझी. फळ्या धुतल्या, बरण्या बाहेरून घासल्या, झाकणं पुसून घट्ट केली. ती फडकी इतकी मेणचटली होती, मी ब्लीचमध्ये उकळली. बघा, कशी निघाली ते."

मी फरंगीसकडे बघितलं. ती दोरीपाशी गेली, एकेक तुकडा हातात घेऊन उलटा केला, सुलटा केला, शिवणीपाशी नखाने खरवडून बघितला. कुठे पिवळ्याचा एक धागा राहिलाय का बघत होती. राहिला नव्हता. मग तिने तुकडे दोरीवर परत नीट घातले.

"हात भाजले असतील, पोरी," ती म्हणाली. "मलम लाव." आणि आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

मर्जानला काही कळेना. मला म्हणाली, "अम्मे जान, रागावल्या का?"

मग माझं तोंड सुटलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडाला हाड नाही हे गावाला माहीत आहे. मी म्हटलं, "कोठीचं मी बघीन असं तिने सांगितलं होतं ना? सरळ माणसाच्या भाषेत सांगितलं होतं ना? तुझ्या तेहरानात नाही म्हटलेलं ऐकू येत नाही का?" आणि मग सगळं सांगितलं. पेगाह, मीठ, पैज, पिवळा दादरा. सांगता सांगता मलाच रडू आलं आणि त्याचाही राग मी तिच्यावर काढला. पोरगी पायरीवर बसली. कामयारला फोन करते म्हणाली, आईबाबांना येऊ नका सांगते म्हणाली, मग ओंजळीत तोंड घालून हमसून रडली. रबरी हातमोजे तिच्या मांडीवर पडलेले.

खोलीचं दार उघडलं. फरंगीस बाहेर आली. आमचं सगळं ऐकलं होतं तिने. मला म्हणाली, "तूरान खानम, बास आता. तिने काय पाप केलं? घर धुतलं."

"मामान, मी ओळखून देते," मर्जान म्हणाली. "उजेडात धरून बघू. काही फरक असेल."

आम्ही तिघी कोठीत गेलो. फळी लख्ख, त्यावर चार बरण्या सैनिकांसारख्या उभ्या. दिव्यापुढे धरल्या, हलवल्या. चारही सारख्याच काळ्या. फरंगीस म्हणाली, "माझ्याचकडून शिकली होती ती. माझ्यासारखीच भरायची."

"एकच उपाय आहे," मी हळूच म्हटलं. "जी आळणी, ती तिची. पण त्यासाठी उघडायला लागेल. नको, फरंगीस. राहू दे चारही. मी बाजारातून लसूण आणते, पाहुण्यांना काय कळतंय."

फरंगीस फळीला धरून उभी राहिली. "दादरा होता तोवर मला ती उघडायची भीती वाटायची," ती म्हणाली. "वाटायचं, उघडली की पोरीचं शेवटचं कामही संपेल. आता ह्या चारांत ती कुठली हेच मला माहीत नाही, आणि ते मला सहन होत नाही. आणि उद्या मी मेले तर? कुणालाही ती घाणेरडी लसूण म्हणून फेकायला जड जाणार नाही." ती मर्जानकडे वळली. "ईदला चारही उघडायच्या. पाहुण्यांच्या समोर."

मर्जान म्हणाली, "मामान जान, मला माफ करा." फरंगीसने तिच्या डोक्यावर हात ठेवला. माफ केलं होतं की नाही ते त्या हातावरून मला कळलं नाही, आणि मला वाटतं तिलाही त्या वेळी माहीत नव्हतं.

वर्ष पालटलं तेव्हा दस्तरखानावर सगळं होतं. गव्हाचे हिरवे कोंभ, सफरचंद, शिरका, लसूण, नाणी, आरसा. फरंगीस अजून काळ्यातच. रेडिओवर तोफ वाजली, कामयारने आईच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि तिने त्याला इतका वेळ धरून ठेवलं की मी खिडकीतून बाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी व्याही आले. माणसं चांगली होती, थोडी लाजरी. मर्जानचे वडील हिरवा भात आणि मासा बघून खूश झाले. म्हणाले, "खानम, तुमच्या सात वर्षांच्या लसणीचं फार ऐकलंय." मर्जानचा घास हातातच राहिला.

फरंगीस उठली आणि चार बरण्या घेऊन आली. दोन तिने, दोन मर्जानने. चार वाट्या पुढ्यात मांडल्या. व्याह्यांना वाटलं, ही आमच्याकडची पद्धत असेल. व्याहीण म्हणाली, "किती हौस ही." मी खाली मान घालून भात चिवडत होते.

पहिली बरणी उघडली. फरंगीसने एक पाकळी तोंडात घातली, गिळली. "ही माझी," ती म्हणाली. व्याह्यांनी चाखली आणि डोळे मिटून वाहवा केली. दुसरी उघडली. तीही तिचीच. व्याही म्हणाले, "अशी लसूण मी जन्मात खाल्ली नाही." तिसरीचं झाकण तिला निघेना. मर्जानने बरणी तिच्या हातातून घेतली, उघडली, परत तिच्यापुढे ठेवली. फरंगीसने चाखली. खारट, गोड, तिचीच.

मग चौथी राहिली. चौथी कुणाची ते आता न चाखताच कळलं होतं. फरंगीस तिच्यावर हात ठेवून बसली. कामयार म्हणाला, "मामान, ही राहू दे." तिने मान हलवली आणि झाकण फिरवलं.

पाकळी चमच्यावर घेतानाच फुटली. मी समोर बसले होते, मला दिसलं. फरंगीसने ती तोंडात घातली आणि डोळे मिटले. बराच वेळ तिने ती गिळली नाही. व्याही बिचारे भले गृहस्थ, त्यांनीही एक घेतली. त्यांचं तोंड क्षणभर वाकडं झालं, मग त्यांनी पाण्याचा पेला उचलला. मीही चाखली. साक्षीदार होते मी, मला चाखायलाच हवी होती. तुम्हाला खरं सांगते. ती लसूण बिघडली होती. आतून गिळगिळीत, आळणी, शेवटी कडवट. पैज फरंगीसने जिंकली होती, त्यात काही शंका नाही.

फरंगीसने डोळे उघडले. तिने व्याह्यांकडे बघितलं, मर्जानकडे बघितलं, मग माझ्याकडे बघत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "ही माझ्या पेगाहने घातलेली आहे. माझ्यापेक्षा माझ्या पेगाहच्या हाताला चव आहे."

व्याहीण काहीतरी ओळखून आपल्या लेकीचा हात धरून बसली. मर्जानने चमचा घेतला आणि त्या बरणीतली लसूण आपल्या भातावर वाढून घेतली, आणि रडत रडत खाल्ली. कामयारनेही घेतली.

आणि मी, जिने आयुष्यात कुणाच्या घरचा आळणी घास नाव न ठेवता गिळला नाही, मी माझं ताट पुढे केलं.

"मला अजून वाढ, फरंगीस," मी म्हटलं. "छान झालीये."